गोल्फ हँडिकॅप

गोल्फपटूची खेळण्याची क्षमता दाखवणारा, एका दशांश स्थळापर्यंत मांडलेला आकडा. कमीजास्त ताकदीच्या खेळाडूंना बरोबरीने लढता यावे म्हणून तो वापरतात. नेहमीचा स्कोअर (एकूण फटके) वजा पार (चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित, ठरवून दिलेले फटके) म्हणजे हँडिकॅप, हा समज क्लबांमध्ये चिवटपणे टिकून आहे. तो चूक आहे. हिशेबात शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांचीच सरासरी धरतात, उरलेल्या १२ बाजूला पडतात. म्हणून आपल्या हँडिकॅपला साजेसा खेळ चार-पाच फेऱ्यांतून एकदाच होतो. १८ हँडिकॅपच्या खेळाडूने पार ७२ च्या मैदानावर ९४-९५ फटके घेतले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

जगात पूर्वी सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या, ब्रिटनची ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेची ‘यूएसजीए’ या संस्थांनी त्या एकत्र करून जानेवारी २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धती आणली. भारतात हे काम १९५५ साली स्थापन झालेल्या इंडियन गोल्फ युनियनच्या अखत्यारीत येते. खेळाडूचा रोजचा संबंध मात्र क्लबच्या हँडिकॅप समितीशी असतो.

नवख्याला पहिला आकडा मिळवण्यासाठी एकूण ५४ होलचे (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा आणि तिथवरचा टप्पा) स्कोअर लागतात: १८ होलच्या तीन फेऱ्या, ९ होलच्या सहा, किंवा दोन्हींची सरमिसळ. फेरी नियमांनुसार आणि किमान एका व्यक्तीच्या सोबतीने खेळलेली असावी. एकट्याने खेळलेली चालत नाही. चारजणांनी मिळून सर्वांत चांगल्या फटक्यावरून पुढे जायचे, अशा स्क्रॅम्बल प्रकारातला स्कोअरही धरत नाहीत. हँडिकॅपची कमाल मर्यादा पुरुष व स्त्रिया दोघांनाही ५४.० आहे, त्यामुळे ‘अजून हँडिकॅप काढण्याइतका खेळ नाही’ ही सबब आता चालत नाही.

प्रत्येक फेरीतून एक डिफरेन्शियल (त्या फेरीच्या खेळाचा आकडा) निघतो; सरासरी याचीच काढतात: (११३ ÷ स्लोप) × (समायोजित स्कोअर − कोर्स रेटिंग − हवामान-दुरुस्ती). कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूकडून त्या टीवरून (पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) अपेक्षित असलेले फटके. सामान्य खेळाडूला ते मैदान शून्य हँडिकॅपवाल्याच्या तुलनेत किती जास्त जड जाते, ते स्लोप सांगतो. तो ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा. त्या दिवशी मैदान नेहमीपेक्षा सोपे वा अवघड खेळले गेले, तर −१ ते +३ अशी दुरुस्ती संगणक आपोआप करतो. समजा, रेटिंग ७१.२, स्लोप १२८, समायोजित स्कोअर ९५ आणि दुरुस्ती शून्य. (११३ ÷ १२८) × २३.८ म्हणजे २१.०.

‘समायोजित’ हा शब्द दुर्लक्षून बहुतेकांचे गणित बिघडते. एका होलवर नेट डबल बोगीच्या वर, म्हणजे पार अधिक २ अधिक त्या होलवर मिळणारे फटके, याहून जास्त मोजत नाहीत. कोर्स हँडिकॅप (त्या मैदानापुरता हँडिकॅप) २० असलेल्याला प्रत्येक होलवर एक आणि स्ट्रोक इंडेक्स (होलला दिलेला क्रमांक, ज्यानुसार फटके वाटतात) १ व २ च्या होलवर दोन फटके मिळतात. स्ट्रोक इंडेक्स २ च्या पार ४ होलवर चेंडू दोनदा पाण्यात घालून त्याने ११ फटके घेतले, तरी हँडिकॅपच्या हिशेबात ८ च जातात. अजून हँडिकॅप नसलेल्याला ही मर्यादा पार अधिक ५.

तीनच डिफरेन्शियल असताना सर्वांत कमी घेऊन त्यातून २.० वजा करतात: ३१.४, २८.९ आणि ३४.० असतील तर इंडेक्स, म्हणजे खेळाडूचा हँडिकॅपचा आकडा, २६.९. चार झाल्यावर १.० वजा होतो, पाचाला नुसता सर्वांत कमी, सहाला कमीतल्या दोनांची सरासरी वजा १.०. असे वाढत जाऊन विसाव्या फेरीला ‘२० पैकी ८’ लागू होते.

हा इंडेक्स मैदानावर जसाच्या तसा वापरत नाहीत. तो (स्लोप ÷ ११३) ने गुणून त्यात कोर्स रेटिंग आणि पार यांतला फरक मिळवला की कोर्स हँडिकॅप मिळतो. १८.४ इंडेक्सवाल्याला वरच्याच मैदानावर, पार ७२ धरून, २०.८ − ०.८ म्हणजे २० येतो. वैयक्तिक स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटक्यांवर निकाल) त्याचे ९५ टक्के, म्हणजे १९ फटके मिळतात. एकास एक मॅच प्लेमध्ये (होलगणिक हारजीत) पूर्ण १०० टक्के धरून दोघांतला फरक दुबळ्या खेळाडूला देतात. रेटिंग आणि स्लोप टीगणिक बदलतात, तसेच पुरुष व स्त्रियांसाठी वेगळे असतात. पांढऱ्या टीवरून खेळून निळ्या टीची नोंद केली तर पुढचे सगळे चुकते, आणि ही चूक सर्रास होते.

लबाडी दोन्ही बाजूंनी होते. मिरवण्यासाठी चांगल्याच फेऱ्या भरणारे स्वतःचेच नुकसान करतात, कारण स्पर्धेत फटके कमी पडतात. जाणूनबुजून वाईट कार्डे भरून आकडा फुगवणारे इतरांची बक्षिसे पळवतात. यावर पद्धतीत लगाम आहेत: वर्षभरातल्या नीचांकापेक्षा इंडेक्स ३.० ने वाढला की त्यापुढची वाढ निम्मी धरतात आणि ५.० च्या वर जाऊच देत नाहीत. उलट एखादा डिफरेन्शियल इंडेक्सपेक्षा ७.० ते ९.९ ने कमी आला तर १.०, आणि १०.० किंवा अधिक कमी आला तर २.० ची जादा कपात होते. तरीही खरा पहारा समितीचा आणि सोबत खेळणाऱ्यांचाच.

कार्ड त्याच दिवशी भरावे. इंडेक्स सहसा दुसऱ्या दिवशी बदलतो. मित्राने ‘उचल चेंडू’ म्हणून सोडून दिलेला पट (होलजवळचा हलका फटका) मॅच प्लेमध्ये चालतो, पण नोंदीत तो होल पूर्ण झाला असता तर बहुधा किती लागले असते, तो आकडा लिहायचा. मुंबई-पुण्याच्या पावसात फेअरवेवरचा (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरचा) चेंडू उचलून, पुसून पुन्हा ठेवण्याची मुभा समिती स्थानिक नियमाने देऊ शकते. अशा फेऱ्याही हँडिकॅपसाठी ग्राह्य असतात, त्यामुळे पावसाळ्यात कार्डे भरणे थांबवण्याचे कारण नाही.