स्मृती शिष्यवृत्तीचा अर्ज: नोटीस कुठे शोधायची, काय जोडायचं, कारण कसं लिहायचं

महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेर काचेच्या फलकात परीक्षेचं वेळापत्रक असतं, परीक्षा अर्जाची सूचना असते आणि त्या दोन्हींच्या आड अर्धी झाकलेली एक नोटीस असते: ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती. गरजू व होतकरू विद्यार्थ्यांनी अर्ज करावेत.’ ती वाचून अर्ज करणारे विद्यार्थी फार थोडे असतात. आमच्या निवड समितीपुढे काही वर्षी जेवढ्या शिष्यवृत्त्या तेवढेसुद्धा अर्ज येत नाहीत. पैसे पडून राहतात आणि त्याच वर्गातली एखादी मुलगी मेसचे पैसे नाहीत म्हणून गावी परत जाते. हे थांबावं म्हणून ही सगळी माहिती एका ठिकाणी देतो आहे.

आधी एक गल्लत दूर करू. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती यांना थोरांची नावं असली तरी त्या शासनाच्या योजना आहेत. त्यांचे नियम शासन निर्णयाने ठरतात आणि बहुतेकींचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. इथे बोलायचं आहे ते स्थानिक निधींबद्दल. कुणी आईवडिलांच्या नावे, कुणी अकाली गेलेल्या मुलाच्या नावे, कुणी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या आजोबांच्या नावे पैसे ठेवलेले असतात. कधी माजी विद्यार्थी मिळून आपल्या हयात गुरुजींच्या निवृत्तीनिमित्त गौरव निधी उभा करतात. यांना पोर्टल नाही. कागदावरचा अर्ज, कार्यालयातली खिडकी आणि चार-पाच जणांची समिती, एवढाच कारभार असतो.

रक्कम लहान का असते

देणगीदार मूळ रक्कम संस्थेकडे कायम ठेव म्हणून देतो. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वाटायचं, अशी अट असते. एक लाखाची ठेव आणि सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला ७,००० रुपये हाती येतात. दोघांना वाटले तर प्रत्येकी ३,५००. पन्नास वर्षांपूर्वी कुणी ५,००० रुपये ठेवले असतील तर त्या काळी ती मोठी रक्कम होती; आज तेवढ्यावर ३५० रुपये मिळतात. संस्थेने पैसे खाल्ले असा संशय घेण्याआधी हा हिशेब डोळ्यांसमोर असू द्या.

रक्कम लहान म्हणून सोडूनही देऊ नका. शासनाची योजना जिथे पोचत नाही तिथे हा पैसा पोचतो, आणि पुष्कळदा वेळेवर पोचतो. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाचंच पाहा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं. पण खोलीभाडं, मेस, पुस्तकं, प्रॅक्टिकलचं साहित्य, परीक्षेला जायचं भाडं हे घरूनच द्यावं लागतं. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला गेली की पास सवलतीत मिळतो, फुकट नाही. या फटीत तीन-साडेतीन हजार रुपये मोठं काम करतात.

कुठे शोधायचं

पहिली जागा म्हणजे तुमचंच महाविद्यालय. प्रवेशाच्या वेळी मिळालेलं माहितीपत्रक आपण फीच्या पानापुढे वाचत नाही. त्यात शेवटच्या पानांवर ‘पारितोषिके व शिष्यवृत्त्या’ अशी यादी पुष्कळदा सापडते. वार्षिक अंकात मागच्या वर्षी कुणाला काय मिळालं ते छापलेलं असतं. दोन्हींत नसेल तर कार्यालयात विद्यार्थी विभागाच्या बाबूंना सरळ विचारा: ‘देणगीदारांच्या ठेवीतून कोणत्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांची यादी पाहायला मिळेल का?’

दुसरी जागा तुमची जुनी शाळा. गावातल्या शाळेत माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेले निधी दहावीनंतर पुढे शिकणाऱ्यांसाठीही असू शकतात, आणि दहावी झाली की आपण तिकडे फिरकत नाही. त्यानंतर तालुक्यातली नागरी बँक आणि पतसंस्था (सभासदांच्या पाल्यांसाठी), आपापल्या समाजाची शिक्षण मंडळं आणि विश्वस्त संस्था यांच्याकडे चौकशी करा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्या विद्यार्थी विकास विभागांत कमवा व शिका योजनेची माहिती मिळते. तीही त्याच फेरीत विचारून घ्या.

विद्यापीठात एखाद्या विषयात पहिल्या येणाऱ्याला दिवंगत व्यक्तीच्या नावाचं सुवर्णपदक किंवा पारितोषिक देतात, ते गुणवत्ता यादीवरून ठरतं. त्यासाठी गरजेचा अर्ज लागत नाही. शिष्यवृत्तीला मात्र अर्ज लागतो. मागितल्याशिवाय ती घरी येत नाही.

पात्रता: अट शब्दाशब्दाने वाचा

देणगीपत्रातली अट हाच या निधीचा कायदा. समितीला ती बदलता येत नाही. ‘तालुक्यातील विद्यार्थी’, ‘या शाळेतून दहावी उत्तीर्ण’, ‘विज्ञान शाखेची मुलगी’, ‘वडील हयात नसलेले’, ‘प्रथम वर्षात ६० टक्के’ अशा अटी असतात. पाचपैकी चार अटी बसतात म्हणून अर्ज टाकून पाहू असं करण्याआधी कार्यालयात विचारा. कारण कधी कधी ‘पहिल्या पसंतीचा उमेदवार न मिळाल्यास’ असं पुढचं वाक्य देणगीपत्रात असतं आणि नोटिशीत ते आलेलं नसतं. अशा वेळी तुमचा नंबर लागू शकतो.

सर्वांत जास्त गोंधळ ‘स्थानिक’ या अटीवर होतो. वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र तुम्ही महाराष्ट्राचे रहिवासी आहात एवढंच सिद्ध करतं. तुम्ही कळंबचे की गंगाखेडचे हे सिद्ध करायला ते पुरत नाही. त्यासाठी शिधापत्रिका, आईवडिलांच्या मतदार ओळखपत्रावरचा पत्ता, शाळा सोडल्याचा दाखला आणि रहिवासाचं स्वयंघोषणापत्र जोडा. आईवडील पुण्याला कामाला गेले आणि आधारवरचा पत्ता तिकडचा झाला, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मूळ गाव, शिक्षण कुठे झालं आणि आता घरचे कुठे राहतात, हे तिन्ही अर्जात लिहा. लपवलं आणि आधारवर वेगळा पत्ता दिसला की समितीला शंका येते.

शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबासाठीच्या निधीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. शासकीय मदतीसाठी जिल्हास्तरीय समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते, आणि कर्ज किंवा जमीन नावावर नाही अशा कारणांनी अनेक घरं अपात्र ठरतात. खासगी निधीच्या देणगीपत्रात ‘शासनाने पात्र ठरवलेले’ असे शब्द नसतील तर अपात्र ठरलेल्या घरातल्या मुलालाही अर्ज करता येतो. वडिलांचा मृत्यू दाखला आणि पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत जोडून अर्ज करा. शासनाने नाकारलं म्हणजे सगळीकडचं दार बंद झालं असं समजू नका.

कागदपत्रं

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा लागतो. तलाठ्याचा अहवाल घेऊन आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करायचा. दाखला ३१ मार्चपर्यंत चालतो, हे तारखेसकट पाहून घ्या. मागच्या वर्षीचा दाखला जोडल्यामुळे चांगले अर्ज बाद होतात. उत्पन्न, रहिवास, जात अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा कुणी स्टॅम्प पेपर आणायला लावला तर हे सांगा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे दाखला देण्याची मुदत ठरलेली आहे. अर्ज दिल्याची पोच घेतलेली असेल तरच त्या मुदतीवर बोट ठेवता येतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी हे काम आखाडातच उरकावं. नोटीस बहुधा ऑगस्टनंतर लागते, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, आणि सही करायला घरी फक्त आजी उरते. बीड, धारूर, केज, पाथरी या भागांतल्या मुलांचे कितीतरी अर्ज पालकाच्या सहीवाचून अडतात. दाखला आधी काढून ठेवा. पालकाचं संमतीपत्र वडील ऊसतोडीला निघण्याआधी सही करून घ्या, तारीख घालून. याच घरांतल्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिचीही चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

मागच्या परीक्षेचं गुणपत्रक, चालू वर्षाचं बोनाफाईड, आधार आणि फीची पावती हे नेहमीचे कागद. मध्ये वर्ष गेलं असेल तर खंड प्रमाणपत्र. जातीचा दाखला अटीत असेल तरच. झेरॉक्सवर स्वतः सही करून ‘सत्यप्रत’ लिहिलं की साधारणपणे चालतं. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका, पाहून लगेच परत घ्या.

पासबुकाकडे मात्र नीट लक्ष द्या. खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर आणि चालू असलेलं हवं. गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नावच नाही, असा प्रकार असला तर रक्कम परत येते. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली. घरात अजून ते जुनं पासबुक असतं आणि त्यावरचा आयएफएससी कोड तसाच अर्जात उतरवला जातो. शाखेत जाऊन पासबुक नवं छापून आणा, पहिल्या पानाची प्रत जोडा. शासकीय योजनांसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतंच, तेही त्याच फेरीत करून घ्या.

कारण लिहायचा अर्ज

इथेच निवड होते. बहुतेक अर्जांत एकच वाक्य असतं: ‘माझी घरची परिस्थिती हलाखीची आहे, तरी मला शिष्यवृत्ती मिळावी ही नम्र विनंती.’ वीस अर्जांत हेच वाक्य असलं की समितीने निवडायचं कशावरून? त्यापेक्षा असं लिहा:

‘आमची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. सोयाबीन घेतो. आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाते. माझी फी शासनाच्या योजनेतून माफ आहे, पण मेसचे दरमहा २,६०० रुपये घरून येतात. पुढच्या सत्रात प्रॅक्टिकलचं साहित्य आणि तीन पुस्तकं घ्यायची आहेत. शिष्यवृत्ती मिळाल्यास ती त्यासाठी वापरीन.’

एवढंच पुरे. रडगाणं नको, मोठे शब्द नकोत. खर्च कशाचा, किती, आणि तो शासनाच्या कोणत्या योजनेत बसत नाही, हे कळलं की समितीचं काम सोपं होतं. दुसरी शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती लिहा. शासकीय अर्जातही इतर शिष्यवृत्तीचा रकाना असतो, तिथेही खरं लिहा. ज्यांच्या नावाने निधी आहे त्यांच्याबद्दल दोन ओळी माहीत असतील तर मनापासून लिहा. देणगीदाराच्या घरचं माणूस समितीवर असलं तर त्याला ते फार जवळचं वाटतं.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. निवड झाली की कार्यक्रमाला जा; १७ सप्टेंबरला (मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी), शिक्षकदिनी किंवा पुण्यतिथीला तो असतो. अर्ज शुल्क, ‘प्रोसेसिंग’चे पैसे किंवा फोनवर ओटीपी मागणारा निधी खरा नसतो. वर्षानुवर्षं नोटीसच लागत नसेल तर प्राचार्यांना लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर अनुदानित महाविद्यालयात माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटावर ठेवींची आणि वाटपाची माहिती मागता येते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही शुल्क नाही.

ज्यांना निधी ठेवायचा आहे त्यांच्यासाठी

लाख-दोन लाखांसाठी स्वतंत्र न्यास काढू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदणी, दरवर्षीचं लेखापरीक्षण, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, एवढा व्याप त्या व्याजाला झेपत नाही. चांगला कारभार असलेल्या शाळेला किंवा महाविद्यालयाला धनादेशाने देणगी द्या, पावती घ्या, आणि संस्थेच्या ठरावाची प्रत मागा. आयकरात सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोखीने देऊ नका.

देणगीपत्रात अट फार आवळू नका. ‘आमच्या गावची, गणितात पहिली आलेली मुलगी’ असं लिहिलं तर कित्येक वर्षी कुणीच सापडत नाही. गाव नाही तर तालुका, तालुका नाही तर जिल्हा, असा उतरता क्रम लिहा. न वाटलेलं व्याज पुढच्या वर्षी वाटायचं की मुद्दलात मिळवायचं, तेही लिहा. आणि दरवर्षी व्याजातला थोडा भाग मुद्दलात टाकण्याची तरतूद ठेवा, नाहीतर पन्नास वर्षांनी तुमच्या आईच्या नावाच्या शिष्यवृत्तीत एक वहीसुद्धा येणार नाही.