मंदीत नवा ट्रक घेताना: भाव कुठे तुटतो आणि कुठे तुटल्यासारखा दिसतो

(मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या आमच्या गाडीमालक ग्राहकांसाठी)

मंदी आली की शोरूममधली भाषा बदलते. एरवी 'वेटिंग आहे' म्हणणारा सेल्समन आपणहून फोन करतो आणि कोटेशनवर ठळक अक्षरांत सूट लिहून देतो. सूट असतेही. पण ट्रकचा भाव पाच ठिकाणी विखुरलेला असतो: मूळ किंमत, कर्जाचं व्याज, विमा, जुन्या गाडीचे पैसे आणि बॉडी. एका खिशातून सोडलेले पन्नास हजार दुसऱ्या खिशातून परत घेणं डीलरला अवघड नाही. म्हणून हे पाच सौदे वेगवेगळे करायचे, आणि मूळ किंमत लेखी ठरेपर्यंत कर्ज हवंय की नाही, जुनी गाडी द्यायचीय की नाही, याबद्दल काही बोलायचं नाही.

डीलर का नमतो

डीलर चॅसिस (बॉडी न बांधलेली गाडी) कंपनीकडून बहुधा उधारीवर उचलतो. बिनव्याजी मुदत संपली की व्याज चालू होतं. 30 लाखांच्या चॅसिसवर वर्षाला 10 टक्के धरले तरी महिन्याला 25 हजार रुपये होतात. चार महिने यार्डात उभी राहिलेली गाडी लाखभर खाऊन बसलेली असते. त्यामुळे 'या मॉडेलवर किती सूट?' असं विचारू नका. 'तुमच्याकडे सगळ्यांत जुनी चॅसिस कोणती आणि तिचं काय घ्याल?' असं विचारा.

जुनी म्हणजे किती, हे तोंडी सांगण्यावर सोडू नका. 17 अक्षरी चॅसिस नंबरातलं दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्ष सांगतं: 'आर' म्हणजे 2024, 'एस' म्हणजे 2025, 'टी' म्हणजे 2026. महिन्याचं अक्षर कंपनीगणिक वेगळ्या जागी असतं, ते डीलरकडून लिहून घ्या आणि फॉर्म 21 (डीलरचा विक्री दाखला) मधल्या उत्पादनाच्या महिना-वर्षाशी ताडून पाहा. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली, तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते. तेवढी घट आजच किमतीतून वळती झाली पाहिजे.

नियम बदलण्याच्या तोंडावर स्वस्त मिळणाऱ्या गाडीपासून मात्र सावध राहा. 2018 च्या जुलैत एक्सल लोडची, म्हणजे गाडीने वाहायच्या वजनाची, मर्यादा वाढली. 25 टनांची दहाचाकी 28.5 टनांची झाली आणि रस्त्यावरच्या ताफ्याची क्षमता एका झटक्यात वाढली. मग वित्त कंपन्यांकडे पैशांची चणचण आली, मालवाहतूक मंदावली, आणि 2018-19 मध्ये 10 लाखांवर गेलेली व्यावसायिक वाहनांची देशांतर्गत विक्री 2019-20 मध्ये 7 लाख 18 हजारांच्या आसपास आली. त्या वर्षी बीएस-4 (प्रदूषणाचे जुने निकष) गाड्यांवर मोठ्या सवलती होत्या. पण 31 मार्च 2020 नंतर बीएस-4 ची नोंदणी होणार नाही, हा सुप्रीम कोर्टाचा आदेश आधीपासून होता, आणि शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली. पासिंग (आरटीओतली नोंदणी) राहिलेल्या गाड्यांचं काय होणार, या टांगणीला मालक लागले. नियम बदलताना घेतलेल्या गाडीचे पैसे पासिंगच्या तारखेला बांधा: अमुक तारखेपर्यंत आरटीओत नोंद झाली नाही तर पूर्ण परतावा, हे बुकिंगच्या कागदावर लेखी हवं.

आजचं उदाहरण केबिनच्या एसीचं. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. त्याआधी बनलेली बिनएसी गाडी स्वस्त मिळत असेल, तर घेताना ड्रायव्हरचा आणि पुढे विकण्याचाही हिशोब करा.

सूट बिलावरच हवी

22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. ही घट सरकारची आहे. तिला 'आमची ऑफर' म्हणणाऱ्याला जीएसटी वगळून मूळ किंमत विचारा.

समजा मूळ किंमत 24 लाख. 18 टक्के धरून 28 लाख 32 हजार. सूट 1 लाख मिळाली आणि ती बिलातच, कर लागण्याआधी वजा झाली, तर किंमत 27 लाख 14 हजार होते. वाचले 1 लाख 18 हजार. तीच सूट नंतर 'क्रेडिट नोट देतो' म्हणून मिळाली, तर बहुधा लाखच हातात येतो, तोही तीन महिने खेटे घालून. बिलावरची किंमत कमी झाली की विमा आणि टीसीएसही थोडे उतरतात. 10 लाखांवरच्या गाडीवर विक्रेता 1 टक्का टीसीएस घेतो. तो खर्चात धरू नका, आपला आगाऊ प्राप्तिकर आहे. पॅन बरोबर लिहिलाय ना आणि रक्कम प्राप्तिकर खात्यातल्या तुमच्या कर-विवरणात दिसते ना, एवढं बघा.

तुम्हाला इनपुट क्रेडिट मिळतं का, यावरही हिशोब फिरतो. स्वतःचा माल वाहणारा नोंदणीकृत व्यापारी गाडीवरचा जीएसटी परत मिळवू शकतो, पूर्ण दराने कर लावणारा वाहतूकदारही. 5 टक्के जीएसटीच्या पर्यायात काम करणाऱ्या वाहतूकदाराला तो मिळत नाही, म्हणून त्याच्या खिशाला बिलातल्या सुटीचा फायदा जास्त.

काही ठिकाणी उलटा सल्ला मिळतो: बिल चढंच ठेवा, म्हणजे कर्ज जास्त बसेल आणि मार्जिन मनी (खिशातून भरायचा वाटा) कमी लागेल. हातातले पैसे वाचतात खरे, पण न दिलेल्या किमतीवर पाच वर्षं व्याज भरावं लागतं.

'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'पासिंग खर्च' अशा ओळींवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारा: याची सरकारी पावती मिळेल का? रोड टॅक्स, नोंदणी फी, नॅशनल परमिटचे वर्षाचे 16,500 रुपये, यांची मिळते. जिची मिळत नाही ती रक्कम घासाघिशीची.

व्याज: सगळ्यांत मोठी गळती इथेच

फ्लॅट दर, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर लागणारं व्याज, ऐकून खूश होऊ नका. 10 लाख, 4 वर्षं, 7 टक्के फ्लॅट म्हणजे व्याज 2 लाख 80 हजार आणि हप्ता सुमारे 26,670. रिड्युसिंगच्या (उरलेल्या मुद्दलावरच व्याज) भाषेत हा दर 12.7 टक्क्यांच्या आसपास पडतो. म्हणून दोन वित्त कंपन्यांची तुलना नेहमी हप्ता गुणिले महिने, अधिक प्रोसेसिंग फी, अधिक कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा, अशी करायची.

25 लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जावर रिड्युसिंग दरात 9.5 आणि 10.5 टक्के, एवढाच फरक असला तरी तो एकूण 74 हजारांच्या घरात जातो. डीलरने शोरूममध्ये 40 हजार सोडले आणि आपल्या फायनान्सरकडे एक टक्का जास्त लावला, तर तुम्हीच 34 हजार दिले. कर्ज आणून दिल्याबद्दल डीलरला फायनान्सरकडून पेआउट, म्हणजे कमिशन, मिळतो. त्यात गैर काही नाही, पण तो सौद्यात मागता येतो. आधी आपल्या बँकेतून मंजुरीपत्र आणा, मग डीलरला म्हणा, 'याहून कमी करून दाखवा.'

ट्रकचं कर्ज बहुधा फिक्स्ड दराचं असतं. फोरक्लोजरचा (मुदतीआधी कर्ज फेडण्याचा) आकार आणि त्याआधीची किमान मुदत, ही दोन कलमं सही करण्याआधी वाचा. मंदी सरल्यावर गाडी लवकर फेडायची असेल, तर मिळवलेली सूट तिथेच जाते.

बॉडी आणि विमा

चॅसिस घेऊन बाहेर लोडबॉडी बांधली तर हप्ता चॅसिसचे पैसे सुटल्यावर चालू होतो, भाडं मात्र बॉडी पूर्ण झाल्यावर. महिना-दीड महिना गाडी बॉडीवाल्याकडे असेल, तर त्या काळाचा हप्ता बॉडीच्या किमतीतच मोजा. पत्र्याची जाडी आणि बॉडीचं वजन लेखी घ्या. बॉडी 300 किलो जड झाली, तर दर खेपेला तेवढा माल कमी, गाडी असेपर्यंत. पासिंगआधी रिकामी गाडी काट्यावर न्या. कंपनीत बांधलेली गाडी महाग दिसते, पण हा सगळा हिशोब लावल्यावर बरेचदा फरक उरत नाही.

विम्यातला थर्ड पार्टी हप्ता सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखाच. कमी-जास्त होतो तो ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा, भाग. बाहेरून दोन कोटेशनं मागवा, पण आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि ॲड-ऑन (जादा संरक्षणं) सारखेच ठेवून. 'आयएमटी-23' हे जादा संरक्षणाचं कलम आहे ना ते मुद्दाम बघा. ते नसेल तर मालवाहू गाडीच्या दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंग यांच्या नुकसानीचा दावा अडतो. स्वस्त कोटेशनातून बहुधा हेच गाळलेलं असतं.

केव्हा जायचं

महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि मार्च हे डीलरच्या टार्गेटचे दिवस. आपल्याकडे आणखी एक संधी आहे, ती कोटेशनवाल्यांच्या कॅलेंडरात नसते: पितृपक्ष. त्या पंधरवड्यात फार कमी मालक गाडी उचलतात आणि शोरूम ओस असतं. सौदा, बिल, कर्ज तेव्हा उरकून डिलिव्हरी दसऱ्याला घ्या. दसऱ्याच्या सकाळी हार घेऊन गेलेल्याला भाव पाडता येत नाही. घसारा लागू असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की गाडी 3 ऑक्टोबरच्या आसपास वापरात आली नाही, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. दसरा त्यानंतर येत असेल तर मुहूर्ताची किंमत सीएकडून काढून घ्या.

जुनी गाडी भंगारात द्यायची असेल तर नोंदणीकृत केंद्रातच द्या. मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर (गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला) नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि रोड टॅक्समध्ये सवलत मिळते. हे प्रमाणपत्र विकताही येतं. कंपनीची वेगळी स्क्रॅपेज सूट चालू आहे का, हेही विचारा.

सही करण्याआधी

यार्डात पावसाळा काढलेल्या गाडीत ठरावीक गोष्टी बिघडतात. बॅटरी उतरते, नवी मागा. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. सगळे टायर, स्टेपनीसकट, बघा. एकाच जागी उभ्या टायरना सपाट डाग पडतात, 60 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक ड्रमला गंज चढतो. डीईएफ (धुरातलं प्रदूषण कमी करणारं द्रव) उन्हात खराब होतं आणि नंतर नोझल तुंबून इंजिनची ताकद कमी होते. टाकी रिकामी करून ताजं भरून घ्या. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढून दाखवायला सांगा. ही कामं डीलरच्या खर्चाने, डिलिव्हरीआधी. डिलिव्हरी नोटवर सही झाली की त्याचीच बिलं होतात.

आमच्याकडे येताना दोन डीलरची कोटेशनं, बँकेचं मंजुरीपत्र, चॅसिस नंबराचा फोटो आणि गेल्या सहा महिन्यांच्या भाड्याची वही आणा. हप्ता महिन्याच्या किती खेपांतून निघतो, ते आम्ही त्या वहीवरून काढतो. सूट कितीही मिळाली तरी आकडा बसत नसेल, तर तसं सांगतो.