जननेंद्रियाचं यीस्ट इन्फेक्शन (कॅंडिडियासिस)

कॅंडिडा नावाच्या बुरशीमुळे योनीत, योनीमुखाला किंवा पुरुषांच्या शिश्नाला होणारं इन्फेक्शन, बहुतेक वेळा कॅंडिडा अल्बिकन्स ही जात. साधारण 75 टक्के बायकांना आयुष्यात एकदा तरी होतं, तरी बोलायला लाज वाटते. ही बुरशी बाहेरून येतेच असं नाही, 10 ते 20 टक्के बायकांच्या योनीत ती काहीही त्रास न देता असते, पण अँटिबायोटिक्सने लॅक्टोबॅसिलस हे चांगले जिवाणू मेले, किंवा शुगर कंट्रोलमध्ये नसली, गरोदरपण असलं, स्टेरॉइड चालू असलं की तिला वाढायला मोकळं रान मिळतं. डायबिटीसच्या काही गोळ्या (एसजीएलटी-2 गटातल्या) लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यांनीही हा त्रास वाढतो, बायकांना आणि पुरुषांनाही.

खाज हे मुख्य लक्षण, कधी इतकी की झोप लागत नाही. शिवाय जळजळ, लाली, सूज, लघवी करताना आणि संबंधाच्या वेळी झोंबणं, आणि दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं जाणं, ज्याला सहसा वास नसतो. ही वासाची गोष्ट महत्त्वाची आहे. माशासारखा वास येत असेल तर बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतल्या जिवाणूंचं संतुलन बिघडणं) किंवा ट्रायकोमोनास (एका परजीवीचं इन्फेक्शन), त्यात योनीचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) 4.5 च्या वर जातो आणि बुरशीचं औषध काहीच कामाचं नाही. स्वतःच निदान करून ट्यूब आणणाऱ्या बऱ्याच जणींना यीस्ट नसतंच, म्हणून पहिल्यांदा होत असेल तर तपासून घेतलेलं बरं, स्राव मायक्रोस्कोपखाली बघायला फार वेळ लागत नाही. आणि ज्या ट्यूबमध्ये अँटिफंगलबरोबर स्टेरॉइडही असतं त्या मनाने लावू नका, खाज लगेच थांबते खरी पण बुरशी आत वाढत राहते.

साध्या केसमध्ये फ्लुकोनॅझोल 150 मिग्रॅची एकच गोळी, नाहीतर क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी किंवा क्रीम, एवढं पुरतं. गरोदरपणात मात्र तोंडाने गोळी नको, डॉक्टरांच्या सल्ल्याने 7 दिवस योनीतलंच औषध. काही क्रीममध्ये तेल असतं, त्याने लॅटेक्स कंडोम कमजोर होतो, हे कुणी सांगत नाही.

पुरुषांमध्ये शिश्नाच्या टोकाला लाल चट्टे, खाज, पुढच्या कातडीखाली पांढरा थर. हा लैंगिक आजार धरत नाहीत, त्यामुळे जोडीदाराला लक्षणं नसतील तर त्याला औषध द्यायची सहसा गरज नसते.

सुगंधी साबण, वॉश, आतून पाण्याने धुणं हे सगळं बंद, बाहेरून नुसतं पाणी बास. सुती सैल अंतर्वस्त्र, ओले कपडे लगेच बदलायचे.

वर्षात 3 किंवा जास्त वेळा झालं तर त्याला रिकरंट (वारंवार होणारं) म्हणतात, तेव्हा शुगर आणि कल्चर (स्रावातली बुरशी लॅबमध्ये वाढवून जात ओळखणं) दोन्ही करायचं, मग बहुतेकदा आठवड्याला एक फ्लुकोनॅझोल अशी 6 महिने देतात. कॅंडिडा ग्लॅब्राटा ही दुसरी जात निघाली तर ही गोळी नीट लागू पडत नाही, त्यावर बोरिक ॲसिडच्या 600 मिग्रॅ कॅप्सूल योनीत ठेवायला देतात, पण त्या तोंडाने घेतल्या तर विष आहेत आणि गरोदरपणात अजिबात चालत नाहीत.