नाकतोड्याच्या लिपीतला राजा

इजिप्तचा पहिला राजा कोण? प्रश्नमंजूषेत उत्तर ठरलेलं असतं: नार्मर, नाहीतर मेनेस. पण नार्मरच्या आधी 'का' नावाचा राजा होता आणि त्याच्याही आधी इरी-होर. काळ इ.स.पू. ३२०० ते ३१०० च्या आसपास.

अबायडोसजवळच्या उम्म अल-काब, म्हणजे 'मडक्यांची आई', या दफनभूमीत इरी-होरचं थडगं आहे. तिथल्या रांजणांवर एक खूण कोरलेली: ससाणा आणि त्याच्या पायाखाली उघडं तोंड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रींनी ती 'रो' अशी वाचली.

यातलं तोंड म्हणजे तोंड नव्हेच! मराठीत समजा, नाक काढलं आणि शेजारी पायातला तोडा काढला, तर वाचायचं 'नाकतोडा'. किड्याला ना नाक, ना तोडा. चित्रं उसनी घेतली ती आवाजासाठी. तोंडाचं चित्र असंच 'र' या व्यंजनासाठी. प्राचीन इजिप्ती भाषेत 'र' म्हणजे '-कडे'. आपण 'कडे'वरून 'कडचा' करतो, तसं तिथे 'र'वरून 'इरी' होतं. स्वर लिहायची पद्धत नव्हती आणि 'इरी'तला 'य' पुष्कळदा गाळला जाई, म्हणून उरतो नुसता 'र'. ससाणा म्हणजे होरस देव. उच्चारात मागून आला तरी देवाला मानाची जागा आधी. जुळवा आता: इरी-होर, 'होरसकडचा'. परग्रहवासीयांनी इजिप्तला लिपी शिकवली म्हणणाऱ्यांनी एकदा हा नाकतोडा काढून पाहावा.

तरीही तो राजा होता का, याबद्दल प्राचीन इजिप्तचे अभ्यासक टोबी विल्किन्सन यांनी शंका घेतली. राजाचं नाव 'सेरेख' या महालाच्या आकाराच्या चौकटीत लिहीत. इथे चौकट नाही, म्हणजे ही कोठाराची खूण असेल. आक्षेप रास्त होता. पण वर्नर कायझर आणि गुंटर ड्रायर यांच्या फेरउत्खननात थडग्याचा आवाका राजाला शोभेसाच निघाला.

मग २०१२ मध्ये पिएर ताले यांनी दक्षिण सिनाईतल्या वादी अमेयरा इथला कोरीव खडक उजेडात आणला. त्यावर एक होडी आहे, होडीवर तोच ससाणा, तेच तोंड, आणि जवळच शब्द 'इनेब-हेज': पांढऱ्या भिंती, म्हणजे मेंफिस शहर. हेरोडोटसला पुरोहितांनी सांगितलं होतं की ते शहर पहिल्या राजाने, मेनेसने वसवलं. नार्मरलाच मेनेस मानलं, तर शहराचं नाव त्याच्या दोन राजे आधीच खडकावर कोरून झालं होतं.