मॉर्फिन म्हणजे शेवट नव्हे

"मॉर्फिन सुरू केलं, म्हणजे आता काही खरं नाही." मॉर्फिन या तीव्र वेदना शमवणाऱ्या औषधाबद्दल कॅन्सरच्या रुग्णाच्या घरी हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं, आणि त्यापायी माणसं रात्ररात्र कळवळत राहतात. हा समज चुकीचा आहे.

मॉर्फिन दिलं जातं ते वेदना किती तीव्र आहे हे पाहून. आयुष्य किती उरलंय हे पाहून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी ते सुचवलं. मॉर्फिनची साधी गोळी सहसा दर ४ तासांनी, घड्याळ पाहून घ्यायची. दुखणं असह्य होण्याची वाट पाहायची नाही. सुरुवातीची मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र राहतं, म्हणून सोबत रेचक लागतंच. हे घरच्यांना आधीच सांगायला हवं, नाहीतर त्रासून गोळ्याच बंद होतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य मात्रेत घेतल्यास व्यसन क्वचितच लागतं. मात्र आपल्या मनाने डोस वाढवणं किंवा एकदम थांबवणं धोक्याचं.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि इतर त्रास कमी करणारी काळजी, उपचार संपल्यावरच सुरू होते, हाही असाच गैरसमज. बोस्टनमधल्या २०१० च्या अभ्यासात फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या रुग्णांना निदानानंतर लगेच, नेहमीच्या उपचारांबरोबर ती मिळाली, ते साधारणपणे अडीच महिन्यांहून अधिक काळ जास्त जगले. त्यांच्यात नैराश्यही कमी आढळलं.

तेव्हा दुखणं लपवू नका. ते दहापैकी किती आहे, झोप मोडते का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा.