मान डावीकडे, श्वास सोडा: ऑफिसच्या खुर्चीतला योग आला कुठून

आमच्या ऑफिसात दर बुधवारी चार वाजता एक ताई येतात, माइक लावून सांगतात, खुर्चीतच बसा, पाय जमिनीला टेकवा, मान डावीकडे, श्वास सोडा, आणि मग चाळीसपैकी वीसेक जण खरंच मान वळवतात, बाकीचे डोळे स्क्रीनवर ठेवून वळवल्यासारखं करतात. मान, खांदे, मनगटं, कंबर, शेवटी अनुलोम-विलोम आणि भ्रामरी (म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणणं), पंधरा मिनिटांत आटपतं. मागच्या महिन्यात अकाउंट्समधले एक सीनियर, जे घरी पहाटे शीर्षासन करतात (आणि ते कुणाला माहीत नाही असं होऊ देत नाहीत), ते म्हणाले, "हा कसला योग, हा तर चहाच्या ब्रेकचा योग." सगळे हसले, मीपण हसले, पण ते डोक्यात राहिलं. म्हणून मग त्या पंधरा मिनिटांतलं एकेक घेऊन शोधत बसले की हे आलं कुठून. तर निघालं असं की श्वास जुना आहे, मान बऱ्यापैकी नवीन आहे आणि खुर्चीचा धागा पार पुण्यापर्यंत जातो.

आधी जुनं बघू. पंधराव्या शतकातली स्वात्मारामाची हठप्रदीपिका उघडली तर पहिल्याच अध्यायात योग्याने कुठे बसावं ते दिलंय: राज्य चांगलं, धान्य भरपूर, उपद्रव नाही, एकांतात छोटीशी मठी, दार बारीक, भोकं-बिळं नाहीत, शेणाने सारवलेली, किडामुंगी नाही आणि आसपास धनुष्यभर, म्हणजे चार हातांच्या अंतरात, दगड, आग, पाणी काही नको. चार हात म्हणजे साधारण आमचा क्युबिकल झाला, तेवढं एक जमतंय. पण लगेच पुढे योग कशाने बिघडतो त्या सहा गोष्टी दिल्यात: अति खाणं, अति श्रम, बडबड, नियमांचा हट्ट, लोकांची गर्दी आणि चंचलपणा. आमच्या फ्लोअरवर दुपारी बारापर्यंत सहाच्या सहा हजर असतात. म्हणजे मूळ पुस्तकवाल्याला ऑफिस दाखवलं असतं तर त्याने हात जोडून परत पाठवलं असतं, तेव्हा सीनियरांचं म्हणणं तितकंसं चुकीचं नाही.

त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात श्वासाचं सगळं आहे. वारा हलला की चित्त हलतं, वारा थांबला की चित्त थांबतं हे वाक्य तिथलंच. एका नाकपुडीने घ्या, धरा, दुसरीने सोडा, मग उलट, हे नाडीशुद्धीचं तिथे आहे. उज्जायी, शीतली, भ्रामरी या आठ कुंभकांतल्या, कुंभक म्हणजे श्वास धरणं. गंमत म्हणजे ज्याला आज सगळे प्राणायाम म्हणतात ती कपालभाती तिथे प्राणायामात धरलेलीच नाही, ती धौती-नेतीच्या रांगेत, शुद्धिक्रियांमध्ये आहे, लोहाराच्या भात्यासारखं भराभर करायचं असं वर्णन आहे. आणि डोस बघा: सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि मध्यरात्री, हळूहळू वाढवत प्रत्येक वेळी ऐंशी कुंभकांपर्यंत. आम्ही करतो सहा, तेही श्वास न धरता. श्वास धरणं ऑफिसात काढून टाकलंय ते बरंच आहे म्हणा, बीपीवाल्यांनी उगाच धरू नये, आणि जेवून आल्या आल्या भाता तर कुणीच चालवू नये.

पण मधल्या काळात हे श्वासाचं प्रकरण फक्त मठीत होतं असंही नाही, ते कारकुनाच्या घरात होतं. माझे आजोबा सरकारी कारकून, अंबरनाथहून लोकलने जायचे. सकाळी पाटावर बसून पळी-पंचपात्र घेऊन संध्या करायचे, अंगठ्याने एक नाकपुडी दाबायची, मनात गायत्री, मग अनामिका दुसऱ्या बाजूला, आणि हे सगळं एक डोळा घड्याळाकडे ठेवून, कारण गाडी कुणासाठी थांबत नाही. मी शेजारी बसून नाक दाबून बघायचे तर आजी म्हणायची, तुला नाही गं ते. तर घाईतल्या नोकरदाराचा दोन मिनिटांचा प्राणायाम ही काही आमच्या एचआरची आयडिया नाही, फक्त तो मुंज झालेल्या पुरुषांपुरता होता, बाकी घर बघत बसायचं.

हा दरवाजा उघडला तो साधारण शंभर वर्षांपूर्वी, आणि उघडला मुंबई-लोणावळ्यात. नर्मदेकाठी मालसरला परमहंस माधवदासजी म्हणून एक योगी होते, त्यांचे दोन शिष्य. एक मणिभाई देसाई, झेवियर्स कॉलेजात शिकायला आलेला गुजराती मुलगा, पुढे श्री योगेंद्र. गुरूंची इच्छा त्याने संन्यास घ्यावा अशी, हा मात्र संसारी लोकांसाठी योग काढायचा म्हणून परत फिरला आणि १९१८ च्या डिसेंबरात वर्सोव्याला दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात योग इन्स्टिट्यूट सुरू केली, ती नंतर सांताक्रूझला गेली. आसनं सोपी करणं, वेळ कमी करणं, घरदार-नोकरी सांभाळून जमेल असं बसवणं हे त्यांचं कामच होतं. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ मध्ये खास बायकांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. आजीला ते दाखवायला हवं होतं.

दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, मग अमळनेरला शिक्षणसंस्थेत, आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम. यांना वेगळंच वेड होतं, योग मोजायचा. उड्डियान (पोट आत खेचणं) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करणाऱ्याच्या पोटात दाब किती उतरतो ते नळ्या आणि दाब मोजणारा मॅनोमीटर लावून बघायचं, एक्स-रे काढायचे, आणि ते सगळं योगमीमांसा नावाच्या त्रैमासिकात छापायचं, तेही १९२४ पासूनच. आतड्यात उतरलेल्या त्या दाबाला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. आज कुठल्याही ऑफिस सेशनमध्ये पहिल्या स्लाइडवर "वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध" लिहिलेलं असतं (बऱ्याचदा पुढच्या स्लाइडवर त्याचा पत्ता नसतो), ती सवय लावणारा माणूस हा, फक्त त्याच्याकडे खरंच प्रयोगशाळा होती. १९३६ मध्ये कैवल्यधामचं केंद्र मरीन ड्राइव्हवर आलं, चौपाटीच्या समोर, चर्चगेटच्या ऑफिसांपासून फार लांब नाही. योग जंगलातून नोकरदाराच्या वाटेवर आला तो हा असा. त्याच सुमाराला औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालून घेत होते, पण ते प्रकरण खुर्चीतून उठल्याशिवाय जमत नाही, म्हणून इथे एवढंच.

आता मान. मान गोल फिरवणं, मनगटं फिरवणं, घोटे पुढे-मागे, डोळे वर-खाली, हे हठप्रदीपिकेत शोधून सापडत नाही, तिथे आसनं आहेत पंधरा आणि त्यात पद्म, सिद्ध, मयूर असली मंडळी. ही सांध्यांची हलवाहलव आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः दोन वाटांनी. एक धीरेंद्र ब्रह्मचारींचा सूक्ष्म व्यायाम, जो ते आपल्या गुरूंकडून, महर्षी कार्तिकेयांकडून आल्याचं सांगत. ज्यांच्या घरी दूरदर्शन होतं त्यांना ते आठवत असतील, दिल्लीच्या थंडीतही पातळ पांढरी मलमल गुंडाळलेले, उंचेपुरे. दुसरी वाट मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांची, त्यांच्या १९६९ च्या पुस्तकात पवनमुक्तासनाची मालिका आहे, तिच्या पहिल्या भागात पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत एकेक सांधा घेतलाय, सांधेदुखीवाल्यांसाठी, नवशिक्यांसाठी, आजारातून उठलेल्यांसाठी. ऑफिसातला माणूस यातल्या कुठल्या खात्यात बसतो ते त्याने ठरवावं, पण आमच्या ताई जे करून घेतात ते जवळपास त्या क्रमानेच, फक्त जमिनीऐवजी खुर्चीवर.

आणि ही खुर्ची. आपल्याकडे लिहिणारा माणूस शतकानुशतकं जमिनीवरच बसला. पेढीवरचा दिवाणजी किंवा गावचा कुलकर्णी, मांडी घालायची, समोर उतरतं डेस्क, हातात बोरू. मांडी म्हणजे सुखासनच की, आणि दिवसातून दहा वेळा उठबस म्हणजे गुडघे आणि कंबर आपोआप हलायची. पाठ मात्र त्याचीही वाकायचीच. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरने धंद्यांमुळे होणाऱ्या रोगांवर १७०० मध्ये ग्रंथ लिहिला, १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यात लेखनिकांचं प्रकरण घातलं आणि दुखण्याची तीन कारणं दिली: सतत बसणं, हात एकाच पद्धतीने चालत राहणं, आणि आकडा चुकू नये म्हणून डोक्यावर येणारा ताण. तीनशे वर्षं झाली, बोरू जाऊन माउस आला, यादी तीच.

मग इंग्रजांबरोबर कचेरी आली, टेबल-खुर्ची आली, कारकून वर चढून बसला आणि त्याची मांडी सुटली. त्याच खुर्चीचा योगासाठी सगळ्यात जास्त उपयोग करून घेतला तो पुण्यात. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये गुरू कृष्णमाचार्यांच्या सांगण्यावरून डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले, सहा महिन्यांसाठी, आणि राहिले ते कायमचे. लहानपणी क्षयाने पोखरलेलं शरीर, त्यामुळे ज्याला जमत नाही त्याचं काय हा प्रश्न त्यांचा स्वतःचाच होता. विटा, लोड, दोऱ्या, पट्टे, जे घरात-बाजारात मिळेल ते त्यांनी वापरात आणलं. १९७५ मध्ये उघडलेल्या त्यांच्या संस्थेत गेलात तर स्टीलच्या फोल्डिंग खुर्च्यांची चळत दिसते, गणपतीच्या मांडवात असतात तसल्याच, फक्त पाठीचा पत्रा काढलेला, नुसती चौकट. त्या मोकळ्या जागेतून पाय आत घालायचे, सीटवर पाठ टाकून मागे वाकायचं, किंवा खुर्चीवर आडवं बसून पाठीची चौकट दोन्ही हातांनी धरायची आणि कंबरेतून वळायचं, भारद्वाजासन. हेच शेवटचं आमच्याकडे दर बुधवारी होतं. फक्त आमच्या खुर्चीला चाकं, पहिल्या वेळी वळता वळता एक जण थेट प्रिंटरपर्यंत गेला, तेव्हापासून ताई आधी खुर्ची भिंतीला टेकवायला लावतात. अमेरिकेत चेअर योगा हे नाव घेऊन शिकवणं १९८२ च्या सुमाराला लक्ष्मी वोल्कर यांनी सुरू केलं, संधिवातामुळे जमिनीवर बसता न येणाऱ्या विद्यार्थिनीसाठी. तिकडून ते वेलनेसच्या पुडक्यात गुंडाळून परत आलं आणि आपण त्याला परदेशी समजलो.

कंपन्यांना यात रस का आला त्याची गोष्ट योगाच्या बाहेरची आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरने तिथल्या डबलडेकरवरचे हजारो कर्मचारी तपासले आणि १९५३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, आणि त्याच बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. बस तीच, खातं तेच, फरक एवढाच की एकाचं बूड सीटला आणि दुसऱ्याचं नाही. त्याच्याही आधी, १९२८ मध्ये, जपानने रेडिओवर रोजचा व्यायाम सुरू केला होता, त्यात पुढाकार टपाल खात्याच्या आयुर्विम्याचा, आणि कल्पना उचलली अमेरिकेतल्या विमा कंपनीच्या रेडिओ कार्यक्रमावरून. विमेवाल्याला माणूस जास्त जगलेला परवडतो, साधा हिशोब. एचआरचं प्रेम कुठून येतं ते यावरून ओळखा, पण आलं तर येऊ दे.

आपल्याकडे सरकारने हात घातला तो उशिरा. २०१४ च्या डिसेंबरात युनोने २१ जून हा योग दिवस ठरवला, २०१५ पासून चटया अंथरल्या जायला लागल्या, पण तो वर्षातून एक सकाळ. कामाच्या वेळेतलं म्हणून आयुष मंत्रालयाने वाय-ब्रेक काढला, पाच मिनिटांचा, त्याची चाचणी जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि दोनच महिन्यांत सगळी ऑफिसंच बंद पडली, लोक डायनिंग टेबलाच्या खुर्च्यांवर येऊन बसले आणि माना अजूनच आखडल्या. अ‍ॅप आलं १ सप्टेंबर २०२१ ला. त्यात ताडासन, स्कंधचक्र, कटिचक्रासन, मग नाडीशोधन, भ्रामरी आणि थोडं ध्यान. म्हणजे वरचं सगळं घराणं पाच मिनिटांत हजेरी लावून जातं.

श्वासाकडे परत येते, कारण तिथे एक नवीन भर पडलीय. २००८ मध्ये लिंडा स्टोन या अमेरिकन लेखिकेने लिहिलं की ईमेल उघडताना माणसं नकळत श्वास रोखून धरतात. मी स्वतःवर बघितलं, क्लायंटचा मेल, विषयात "अर्जंट", आणि खरंच छाती तिथल्या तिथे थांबलेली. म्हणजे कुंभक आपण दिवसभर करतोय, फक्त नको तिथे. आणि २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतला एक अभ्यास आला होता, तेवीस जणांवरचा, लहानच म्हणायचा, त्यात ख्रिस्ती जपमाळ म्हणताना आणि ओम मणि पद्मे हुम् म्हणताना दोन्हीकडे श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास उतरला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय सुधारली. आजोबांची मनातली गायत्री कुणी मोजली नाही, पण नाक धरून घाई करता येत नाही हे मी पाटाशेजारी बसून बघितलंय.

राहिली भ्रामरी. हठप्रदीपिकेत श्वास घेताना भुंग्याचा आवाज आणि सोडताना भुंगीचा, हळूहळू, असं आहे, आपण आता फक्त सोडतानाचाच ठेवलाय. स्वीडनमध्ये २००२ साली मोजलं तर गुणगुणताना नाकातून बाहेर येणारं नायट्रिक ऑक्साइड शांत श्वासापेक्षा पंधरापट निघालं. हे मी सीनियरांना सांगितलं, ते म्हणाले बघू. गेल्या बुधवारी ते आले, मागच्या रांगेत बसले, आणि भ्रामरी सुरू झाली तर पलीकडच्या टीममधल्या एकाने दोनदा स्वतःचा फोन उचलून बघितला, व्हायब्रेट होतोय वाटून.