रानात नेण्यासाठी काय घ्यावे: हातातला जीपीएस की खिशातला फोन?

वाट सोडून डोंगरात, दाट जंगलात, मोबाइलची रेंज नसलेल्या भागात पायी जाणारे ग्राहक आम्हाला हमखास विचारतात, "फोनमध्ये जीपीएस आहेच, मग वेगळे यंत्र कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे, आणि बऱ्याच जणांना आम्ही "नका घेऊ" असेच सांगतो. काही जणांना मात्र ते घेतल्याशिवाय निघू नका, असे आग्रहाने सांगतो. हे आम्ही कशावरून ठरवतो, ते या पत्रकात लिहिले आहे. यंत्र घ्या वा न घ्या, निघण्याआधी एकदा वाचा.

रेंज गेली तरी फोनचा जीपीएस चालतो

रेंज गेली की फोनला आपली जागा कळत नाही, असे अनेकांना वाटते. तसे नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत सिग्नल सोडत असतात. फोन असो वा हातातला जीपीएस, दोघेही तो नुसता ऐकतात, उपग्रहाकडे काही पाठवत नाहीत. निदान चार उपग्रह नीट ऐकू आले की जागा आणि उंची दोन्ही कळतात. मोबाइलच्या टॉवरचा यात संबंध नाही.

मग रानात फोनचा निळा ठिपका कधी कधी येतच का नाही? उपग्रह आपल्या कक्षेची माहिती फार सावकाश देतो, सेकंदाला फक्त ५० बिट. कामापुरती माहिती पूर्ण यायला अर्धे मिनिट लागते, आणि मध्येच सिग्नल तुटला तर पुन्हा वाट पाहावी लागते. रेंज असते तेव्हा फोन हीच माहिती इंटरनेटवरून आधीच घेऊन ठेवतो, म्हणून शहरात ठिपका लगेच दिसतो. ही माहिती काही तासांत शिळी होते. रात्रभर बंद ठेवलेला फोन सकाळी झाडीत चालू करून लगेच चालायला लागलात, तर तो चाचपडणारच. मोकळे आकाश दिसेल अशा जागी जा, उभे राहा आणि मिनिट-दोन मिनिटे हलू नका.

अचूकतेसाठी म्हणून वेगळे यंत्र घेऊ नका

मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण ५ मीटरच्या आसपास जागा दाखवतो. पायी चालणाऱ्याला एवढे पुरते. २०१८ पासून दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारे फोनही आले आहेत, त्यामुळे जुन्या हातातल्या जीपीएसपेक्षा नवा फोन सरस ठरण्याचीही शक्यता आहे.

फरक जाणवतो तो अरुंद घळीत आणि ओल्या पानांच्या दाट छताखाली. घळीत सिग्नल कड्यांवर आपटून येतो आणि उशिरा पोहोचतो, त्यामुळे ठिपका पलीकडच्या उतारावर उडी मारतो. पाने भिजली की सिग्नल आणखी क्षीण होतो. काही हातातल्या जीपीएसना वरच्या बाजूला जाड खुंटीसारखा अँटेना असतो, तो अशा वेळी कामी येतो. उपग्रहाचे सिग्नल फिरक्या घेत येतात आणि हा अँटेना नेमका त्यांच्यासाठीच बनवलेला असतो. फोनचा अँटेना कॅमेरा, वायफाय आणि बॅटरीच्या दाटीत कुठेतरी बसवलेला असतो आणि अँटेनाच्या ठेवणीमुळे साधारण निम्मा सिग्नल वायाच जातो. तुमचे फिरणे बहुतेक अशाच जागी होत असेल, तर हा मुद्दा जरूर धरा. नसेल तर पुढे वाचा.

बॅटरी, थंडी आणि पाऊस

आमच्या मते निर्णय इथे होतो.

फोनला एकाच बॅटरीवर सगळे भागवावे लागते. नकाशा पाहायचा, फोटो काढायचे, रात्री टॉर्च लावायचा, आणि प्रसंग आलाच तर मदतीसाठी फोनही करायचा. त्यातच रेंज नसलेल्या भागात तो टॉवर शोधत राहतो आणि त्यातही बरीच बॅटरी जाते. एअरप्लेन मोड लावून जीपीएस तेवढा चालू ठेवला तर फोन कितीतरी जास्त टिकतो. तरीही नकाशा वारंवार उघडला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी फोन मान टाकतो.

गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्स २२एक्ससारखे साधे हातातले यंत्र दोन डबल ए पेन्सिल सेलवर चालते. कंपनीचा आकडा २५ तासांपर्यंतचा आहे. सेल संपले की झाकण उघडून तिथल्या तिथे बदलता येतात. गार्मिनच्याच जीपीएसमॅप ६७चा आकडा १८० तासांपर्यंत जातो, पण त्याची बॅटरी आतच बसवलेली आहे. ती उतरली की पॉवर बँक लागतेच. लांबच्या वाटेवर नुसते तास मोजू नका, संपल्यावर काय करणार तेही पाहा.

थंडीत हे अंतर आणखी वाढते. ॲपल आपले आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरायला सांगते. त्याहून थंड हवेत फोन ३० टक्के चार्ज दाखवत असतानाच बंद पडू शकतो. तो छातीशी, आतल्या खिशात ठेवा. गारठलेला फोन लगेच पॉवर बँकेला लावू नका. शून्याखालच्या तापमानात चार्ज केल्याने लिथियम-आयन बॅटरी कायमची खराब होते. रिचार्ज न होणारे लिथियमचे पेन्सिल सेल मात्र उणे ४० अंशांपर्यंत काम देतात. बर्फाळ भागात जाणाऱ्यांना आम्ही सेलवरचे यंत्र सुचवतो ते एवढ्यासाठीच.

आता पाऊस. आजचे बरेच फोन पाण्यात पडले तरी वाचतात, पण वाचणे वेगळे आणि चालणे वेगळे. काचेवर थेंब पडले की टचस्क्रीनला बोट आणि पाणी यांतला फरक कळत नाही. नकाशा आपोआप सरकतो, लहान-मोठा होतो, नको ते बटण दाबले जाते. साध्या हातमोज्यांनी तर काहीच होत नाही. बटणांचे यंत्र हातमोज्यांतून, चिखलाच्या बोटांनी, न पाहताही चालवता येते. कडक उन्हातही तसेच. त्याचा पडदा उन्हाच्याच उजेडावर दिसतो, तर फोनला ब्राइटनेस पूर्ण वाढवावा लागतो आणि बॅटरी आणखी जाते.

नकाशा वाचायला फोनच बरा

इथे आम्ही निःसंकोच फोनच्या बाजूने आहोत. ईट्रेक्सच्या २.२ इंची पडद्यावर सोंड कुठे उतरते, खिंड कुठे आहे, पुढचा कडा टाळून कुठून वळायचे, हे एका नजरेत कळत नाही. फोनवर कळते. आदल्या दिवशी बसून वाट आखायलाही फोन किंवा संगणकच सोयीचा. ओएसएमअँड, लोकस मॅप, ऑरगॅनिक मॅप्स अशी ॲप रेंज नसतानाही चालतात, पण नकाशा आधी उतरवलेला हवा. यांतले बरेच नकाशे ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले असतात. २००४ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी तो भरत आणला आहे. जिथे कोणी भरला नाही तिथे तो कोराच आहे. नकाशात पायवाट दिसत नाही म्हणजे ती नाहीच, असे धरू नका. उलट, दिसते ती वाट आज मोडली नसेलच, असेही नाही.

फोनच्या एका खोडीबद्दल आधीच सांगतो. परत आलेले ग्राहक ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंदवलेली रेघ, दाखवतात तेव्हा रेघ छान वळणे घेत जाते आणि मध्येच ओढा, कडा, झाडी काही न पाहता सरळ जाते. माणूस तिथून गेलेला नसतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने मागे चालणारे ॲप झोपवलेले असते आणि जागे झाल्यावर दोन टोके जोडलेली असतात. धुक्यात त्याच रेघेवरून परतायचे ठरवले तर पाय थेट कड्याच्या काठावर येतील. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला बॅटरीचे कोणतेही बंधन नाही, असे करून ठेवा. हातातल्या जीपीएसला ट्रॅक नोंदवणे हेच काम असते, तो असा झोपत नाही.

आकडे सांगताना

सोबत्याला किंवा मदतपथकाला जागा कळवताना बहुतेक गोंधळ अक्षांश-रेखांशाच्या लिखाणात होतो. समजा यंत्र उत्तर अक्षांश ४५ अंश ३०.५० मिनिटे दाखवते. घाईत कोणी ते ४५ अंश ३० मिनिटे ५० सेकंद असे ऐकले, तर ऐकणारा उत्तरेला ६०० मीटरहून जास्त दूर जातो. अर्धे मिनिट म्हणजे ३० सेकंद, ५० नव्हे. दरीच्या पलीकडे शोध सुरू व्हायला एवढे पुरे आहे. फोन आणि जीपीएस दोन्हींत एकच पद्धत लावा, शक्यतो दशांश अंश (मिनिटे-सेकंद न लिहिता अंशच दशांश चिन्हाने), आणि नकाशाचा आधार डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस स्वतः वापरतो तो पृथ्वीच्या मोजणीचा आराखडा, ठेवा.

आणखी एक. जीपीएस फक्त ऐकतो, हे वर आलेच आहे. त्यामुळे तो तुमची जागा कुणाला कळवू शकत नाही. त्यासाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारे वेगळे यंत्र किंवा तशी सोय असलेला फोन लागतो. आयफोन १४पासून काही देशांत ती सोय आहे. काही देशांत मात्र अशी उपग्रह यंत्रे परवानगीशिवाय बाळगणेही गुन्हा ठरते, तेव्हा आधी तिथला नियम पाहा.

मग घ्यायचे काय?

सकाळी जाऊन संध्याकाळी परतणार, हवा कोरडी आहे आणि सोबत आणखी कोणी आहे, तर फोन, पॉवर बँक आणि उतरवलेला नकाशा पुरे. यंत्रावर पैसे घालू नका. मुक्काम रानात असेल, पाऊस किंवा बर्फ असेल, किंवा एकटे जाणार असाल, तर ट्रॅक नोंदवायला हातातला जीपीएस घ्या आणि फोन बंद करून कोरड्या पिशवीत ठेवा. नकाशा पाहायचा तेव्हाच फोन उघडा, म्हणजे मदतीची वेळ आली तर त्यात चार्ज असेल. कागदी नकाशा आणि सुईचे होकायंत्र दोन्ही वेळी सोबत हवेच. फोनच्या पाकिटात चुंबक असेल तर त्याच्यातल्या होकायंत्रावर विसंबू नका, आणि सुईचे होकायंत्रही त्या पाकिटापासून दूर धरा.

यंत्र पाहायला याल तेव्हा तुमचा फोन घेऊन या. एअरप्लेन मोडवर नकाशा उघडतो का, ट्रॅक तुटतो का, दोन्हींवर एकाच जागेचे आकडे एकाच पद्धतीने दिसतात का, हे समोर बसून तपासून देतो. खरेदी केली नाही तरी तपासून देतो.